सोसायटीची दिवाळी, एलईडी पट्ट्या आणि गुलाबी शेपूट

मधली_आळी | २८ सप्टेंबर, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

पुण्यात कर्वेनगरातली आमची सोसायटी, चार मजले, सोळा बिऱ्हाडं. यंदा दिवाळीच्या रोषणाईचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मागच्या मीटिंगमध्ये मी जरा जास्तच बोलले.

गेल्या वर्षीची कथा आधी ऐका. गच्चीच्या कठड्याला रस्त्याच्या बाजूने २० मीटर रंग बदलणाऱ्या पट्ट्या लावल्या होत्या. १२ व्होल्टचे, पाच-पाच मीटरचे चार रोल एकाच्या शेपटीला दुसरा असे जोडले आणि सुरुवातीला एकच अडॅप्टर, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा. दुकानदार म्हणाला होता, चालतंय की. वसुबारसेला चालू केलं आणि रिमोटवर पांढरा रंग दाबला, तर पहिला रोल पांढरा, दुसरा मळकट, तिसरा-चौथा चक्क गुलाबी-नारिंगी. खालून बघणारे म्हणाले, वा, काय शेड दिलीय! आम्हीही मान डोलावली.

धनत्रयोदशीला संध्याकाळी पावसाची एक सर आली आणि अडॅप्टर गेला. मग कुणीतरी घरात पडलेला जाळीच्या डब्याचा एसएमपीएस (मेनच्या २३० व्होल्टचे १२ करून देणारा डबा) आणून जोडला. दिवे लागले, पण गच्चीवर ओल्या पायांनी गेलेल्या एका काकांचा हात त्या डब्याला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. लक्ष्मीपूजनाला सगळं बंद करून पणत्या लावल्या.

यंदा तीन जागा आहेत. गच्चीचा तोच कठडा, फाटकावरचा चार फुटी आकाशकंदील आणि पोरांचा किल्ला. किल्ला बागेच्या कोपऱ्यात असतो, वॉचमनच्या केबिनपासून वायर भिंतीकडेने फिरवली तर १८ मीटर. माझा विचार असा की केबिनमध्ये एकच दणकट एसएमपीएस ठेवायचा आणि तिथून तिन्हीकडे वायर न्यायच्या. बरोबर आहे का? शिवाय खजिनदारांनी 'वीजबिल किती वाढेल' हे लेखी मागितलंय.

---

सदाशिव_पेठी | २८ सप्टेंबर, रात्री १०.३१

पणत्या छान दिसल्या ना? मग प्रश्न काय आहे?

---

मधली_आळी | २८ सप्टेंबर, रात्री १०.४०

@सदाशिव_पेठी, सोळा बिऱ्हाडांपैकी तेल कोण घालणार हा प्रश्न आहे. :)

---

तांब्याची_तार | २९ सप्टेंबर, सकाळी ७.०५

मधली_आळी ताई, तुमच्या गुलाबी शेपटीचा गुन्हेगार पट्टी नाही. पट्टीच्या आतला तांब्याचा थर कागदाइतका पातळ असतो. २० मीटरचा सगळा करंट तुम्ही त्या कागदातून ढकलत होतात.

आधी हिशोब. ५०५० जातीची, मीटरला ६० दिव्यांची पट्टी पूर्ण पांढऱ्यावर मीटरला १४.४ वॅट खाते. पाच मीटरचा एक रोल म्हणजे ७२ वॅट, १२ व्होल्टला ६ अँपिअर. चार रोल म्हणजे २८८ वॅट, २४ अँपिअर. तुमचा अडॅप्टर ६० वॅटचा. त्याच्याकडून एक रोलही धड निघाला नसता. वाटेतच व्होल्ट गळत होते म्हणून प्रत्यक्षात २४ अँपिअर ओढलेच गेले नाहीत, आणि म्हणून तो बिचारा दोन दिवस तरी टिकला. पावसाने फक्त शेवटची काडी घातली.

आता रंग का बदलला ते. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन दिव्यांचे गट असतात, कापायची रेघ म्हणूनच दर तीन दिव्यांनी येते. निळ्या किंवा हिरव्या दिव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात. तिघांचे झाले ९, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टर (करंट आवरणारा बारका भाग) खातो. लाल दिव्याला मात्र २ च्या आसपास पुरतात. तिघांचे ६, रेझिस्टरवर ६. समजा शेपटीपर्यंत १२ चे १०.५ झाले. निळ्या-हिरव्याच्या रेझिस्टरवर ३ ऐवजी दीडच व्होल्ट राहिला, म्हणजे करंट जवळपास निम्मा. लालच्या रेझिस्टरवर ६ चे साडेचार राहिले, तो पावच घटला. निळा-हिरवा मावळला, लाल उरला, तीच तुमची शेड. साधी पांढरी पट्टी असती तर नुसती मंद झाली असती आणि कुणाला कौतुकही वाटलं नसतं.

म्हणून पहिला नियम: पट्टीला पट्टी जोडून लांबी वाढवायची नाही. दर पाच मीटरला एसएमपीएसकडून आलेली जाड वायर जोडायची.

दुसरं, तुमची 'केबिनमधून सगळीकडे' ही कल्पना. चार मजले चढून गच्चीपर्यंत ३० मीटर तरी होतील. १२ व्होल्टवर २४ अँपिअर ३० मीटर न्यायचे, तेही जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर तांब्याच्या) वायरचा रोध मीटरला साधारण ०.००७४ ओहम, ६० मीटरला ०.४४ च्या वर. गुणिले २४, म्हणजे दहा व्होल्टच्या वर वाटेतच. वर पोचणार काय? एसएमपीएस पट्टीच्या शेजारी नेऊन ठेवा. २३० व्होल्ट लांब न्यायला सोपे, १२ व्होल्ट नाहीत. महापारेषणचे मनोरे लाखो व्होल्ट घेऊन जातात ते याच कारणासाठी.

---

पर्वती_पायथा | २९ सप्टेंबर, सकाळी ९.२०

एवढा अभ्यास कशाला? सरळ २३० व्होल्टचा रोप लाईट आणा. मीटरवर कापून मिळतो, शेवटी पिन लावली की झालं. ना ड्रॉप (वाटेत व्होल्ट गळणं) ना शेपूट. आमच्याकडे तीन वर्षं चाललाय, ५० मीटर एका पिनवर.

---

तांब्याची_तार | २९ सप्टेंबर, सकाळी ९.५८

@पर्वती_पायथा, ड्रॉपचं म्हणणं खरं आहे. करंट एवढासा असतो की ५० मीटरला काही कळत नाही. पण त्या पिनेत बहुतेक वेळा चारच डायोड असतात. ट्रान्सफॉर्मर नाही, मेनपासून फारकत नाही, मेनचाच करंट थेट पट्टीत. प्लास्टिकला चीर गेली, कापलेल्या टोकाची टोपी निघाली, आणि पट्टी जर लोखंडी रेलिंगला बांधलेली असेल, तर अख्खं रेलिंग जिवंत होऊ शकतं. हात पोचणार नाही अशा उंचीवर, टोकं नीट बंद करून आणि आरसीसीबीच्या (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) मागून घेतलात तर मी नाही म्हणणार नाही. किल्ल्याजवळ नको. तिथे पोरं, चिखल आणि पाणी.

अवांतर: मोबाईलवर व्हिडिओ काढलात की ती पट्टी लुकलुकताना दिसेल. सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं.

---

निवृत्त_वायरमन | २९ सप्टेंबर, दुपारी १२.४५

झिणझिण्यांवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. बाकी शोभेचं आहे, हे जिवाचं आहे.

एसएमपीएसच्या आत मेनच्या बाजूला फिल्टरचे कपॅसिटर असतात, फेजकडून आणि न्यूट्रलकडून डब्याच्या पत्र्याला जोडलेले. डब्याला अर्थ (जमिनीत जाणारी अर्थिंगची वायर) जोडली असेल तर ती एवढीशी गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर डबा अधांतरी राहतो आणि त्यावर मेनच्या निम्मे, ११५-एक व्होल्ट दिसतात. करंट फार थोडा, म्हणून माणूस सहसा झिणझिण्यांवर सुटतो. पण गच्चीवर ओले पाय, दचकून तोल गेला तर? आणि आतला एखादा कपॅसिटर शॉर्ट झाला तर मग झिणझिण्या नाहीत, पूर्ण २३०.

म्हणून टर्मिनलवर एल आणि एनच्या शेजारी अर्थची खूण असलेला जो स्क्रू असतो, तो रिकामा ठेवायचा नाही. आणि अर्थची वायर जिथे जाते त्या पॉइंटला खरंच अर्थ आहे का ते तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोकं असतात, तिसऱ्यामागे वायरच नसते. हे मी आयुष्यभर पाहिलंय.

दुसरं, आरसीसीबी. लोक म्हणतात एमसीबी आहे की! एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ६ अँपिअरच्या एमसीबीला माणसातून गेलेले १०० मिलिअँपिअर कळतसुद्धा नाहीत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि त्यावरचं टेस्टचं बटण दाबून दिवाळीआधी एकदा उडवून बघा.

बोर्डावरचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. शिडी धरायला सोसायटीतलं कुणी चालेल.

---

मधली_आळी | २९ सप्टेंबर, दुपारी ३.१०

काका, तिसऱ्या भोकामागे वायर आहे का ते उद्याच बघायला सांगते. झिणझिण्या आलेले काका हे वाचून म्हणाले, "म्हणजे मी म्हातारपणामुळे थरथरत नव्हतो."

किल्ल्याचं काय करू? पोरांना बुरुजांवरून पट्टी हवीय.

---

चिऊताई_चिंचवडची | २९ सप्टेंबर, दुपारी ४.०२

किल्ल्यावर अळीव पेरता का? आम्ही अळीव आणि मोहरी दोन्ही पेरायचो. म्हणजे पाऊस असो नसो, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं जाणार. आमच्या पोरांनी तर थेट तांब्याने ओतलं होतं. साधी उघडी पट्टी दुसऱ्या दिवशी हिरवी पडली, म्हणजे तांब्याला कळंक आला. नंतर तीन-तीन दिव्यांचे तुकडे एकेक करून गेले.

---

तांब्याची_तार | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३३

चिऊताईंनी मोलाचं सांगितलं. किल्ल्यासाठी आयपी६७ची पट्टी घ्या, सिलिकॉनच्या नळीत असते ती. आयपी६५ म्हणजे वरून जेलीचा थर, ती सरीला पुरते, चिखलात पुरायला नाही. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे थोडा वेळ बुडाली तरी चालेल. पण हे सगळं कारखान्यातून आलेल्या अख्ख्या रोलला लागू. तुम्ही कापलंत की त्या टोकाला आयपी शून्य. टोकाला टोपी घालून सिलिकॉन भरायचं. भरताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. त्यातून सुटणारं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेलं मागा.

आणि बुरुजांवरून पट्टी नको असं माझं मत. किल्ला रस्त्याच्या दुभाजकासारखा दिसतो. तटाच्या मागे, माचीच्या कडेखाली लपवा, प्रकाश दिसू दे, दिवे नको. मावळ्यांच्या सावल्या भिंतीवर पडल्या की पोरं पट्टी विसरतील. इथे १४.४ वॅटवाली लागतच नाही. मीटरला ४.८ वॅटची पिवळसर पट्टी भरपूर होते, पाच मीटरला २४ वॅट, २ अँपिअर.

तुमची १८ मीटर वायर, जाऊन-येऊन ३६. दीड स्क्वेअरने साधारण ०.४३ ओहम, २ अँपिअरला ०.८५ व्होल्ट जातील. एसएमपीएसच्या टर्मिनलशेजारी एक बारका स्क्रू असतो, तो हलकेच फिरवला की व्होल्ट थोडे वर-खाली होतात. पट्टी चालू असताना पट्टीपाशी मल्टिमीटर धरून १२ च्या जवळ आणा. बंद असताना मोजलंत तर पूर्ण १२ दिसतील आणि तुम्ही फसाल. त्या एसएमपीएसवर जवळची दुसरी पट्टी असेल तर मात्र स्क्रूला हात लावू नका, जवळचीला जास्त बसेल.

---

ईएसपी_वेडा | २९ सप्टेंबर, रात्री ११.४८

सगळे इतके जुन्या वळणाचे का आहात? एकेक दिवा स्वतंत्र चालणारी पट्टी घ्या, डब्ल्यूएस२८१२बी. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) वर डब्ल्यूएलईडी (पट्टी चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, मोबाईलवरून कठड्यावर अक्षरशः फटाके फोडा.

---

अडीच_स्क्वेअर | ३० सप्टेंबर, सकाळी ८.१५

@ईएसपी_वेडा, मी हे केलंय, माझ्याच बाल्कनीत, माझ्याच खर्चाने. ती पट्टी ५ व्होल्टची. एका दिव्याला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर. मीटरला ६०, पाच मीटरला ३०० दिवे, १८ अँपिअर. ५ व्होल्टमधून एक व्होल्ट गळाला तर पाचवा हिस्सा गेला. २० मीटरच्या कठड्याला ७२ अँपिअर होतात, वेल्डिंग मशीनच म्हणा. आणि एक दिवा मेला की पुढची सगळी रांग आंधळी, कारण निरोप (सिग्नल) त्याच्याच हातून पुढे जातो.

हौस असेलच तर १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ घ्या, तिच्यात निरोपाची जादा तार असते, एक दिवा गेला तरी पुढचे चालतात. डब्ल्यूएलईडीमध्ये करंटची मर्यादा घालता येते, ती तुमच्या एसएमपीएसप्रमाणे भरा. मी सुरुवातीला ती बघितलीच नव्हती. मुळातच ८५० मिलिअँपिअरवर होती, आणि पट्टी मंद का म्हणून दोन दिवस पट्टीला शिव्या घातल्या.

पण सोसायटीत नको. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी साडेसहाला वायफाय बिघडलं तर सोळा घरं तुमच्याकडे बघणार.

---

ईएसपी_वेडा | ३० सप्टेंबर, सकाळी ८.२२

शेवटचं वाक्य पटलं.

---

अडीच_स्क्वेअर | ३० सप्टेंबर, सकाळी ९.०४

मधली_आळी, कठड्यासाठी २४ व्होल्ट घ्या, कुणी अजून बोललं कसं नाही? तेवढ्याच वॅटला करंट निम्मा. वायरीत गळणारे व्होल्ट निम्मे, आणि तेही दुप्पट व्होल्टमधून, म्हणजे फरक चौथाई. मीटरला ९.६ वॅटची साधी पांढरट-पिवळी पट्टी बघा. २० मीटरला १९२ वॅट, ८ अँपिअर. २४ व्होल्ट १० अँपिअरचा, म्हणजे २४० वॅटचा एसएमपीएस बरोब्बर बसतो. ८० टक्क्यांच्या वर ताणायचा नाही, हे बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा. ऑक्टोबरमध्ये गच्चीवरचा डबा दिवसभर तापलेला असतो.

एसएमपीएस जिन्याच्या खोलीत ठेवा. तिथून दोनच फाटे: एक कठड्याच्या पाच मीटरच्या सांध्याला, दुसरा पंधराच्या. प्रत्येक सांध्यावरून एक रोल डावीकडे, एक उजवीकडे. कुठलाच रोल दुसऱ्याच्या शेपटीला नाही. प्रत्येक फाट्याला ४ अँपिअर, दीड स्क्वेअर पुरे.

आणि फाट्याला फ्यूज. गाडीत असतात तसले पात्यांचे, ५ अँपिअरचे. का ते सांगतो. मोठ्या एसएमपीएसला पुढे बारीक वायर जोडली आणि लांब टोकाला शॉर्ट झालं, तर वायरीचाच रोध करंट अडवतो. समजा ३० अँपिअरचा एसएमपीएस, आणि तुमच्या किल्ल्यापर्यंत अर्ध्या स्क्वेअरची वायर. शॉर्टला ९-१० अँपिअरच वाहतील. एसएमपीएसला वाटेल रोषणाई चाललीय, तो बंद होणारच नाही. वायर मात्र कोपऱ्यात गुपचूप शिजत राहील. १२ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. आग लागायला व्होल्ट लागत नाहीत, अँपिअर लागतात.

---

सदाशिव_पेठी | ३० सप्टेंबर, सकाळी ९.३०

पणत्यांनीही आग लागते. तेवढा न्याय करा.

---

खरेदीला_चला | १ ऑक्टोबर, दुपारी २.२०

खरेदीचं सांगते, कालच विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत दोन तास घालवले. दुचाकी मंडईच्या बाजूला लावून चालत जा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर पासोड्या विठोबापासून माणसांचाच ड्रॉप सुरू होतो.

अडॅप्टर हातात घेऊन वजन बघा. वर १० अँपिअर लिहिलेलं आणि आत चिवड्याची पुडी वाटावी इतकं हलकं, तर ठेवून द्या. वायर घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. स्वस्त का, ते तिथेच कळतं. एका दुकानात मी खरवडायला लागले तर मालक म्हणाले, "ताई, घ्यायची असेल तर घ्या, परीक्षा नको." नाही घेतली. शेजारी मिळाली, मीटरमागे थोडी महाग.

पट्टी काउंटरवर लावून दाखवतात तेव्हा रोल गुंडाळलेलाच असतो. दहा-वीस सेकंद ठीक, पण घरी तशी गुंडाळलेली चालू ठेवून जेवायला बसू नका, मधले वेढे भाजून निघतात.

---

तांब्याची_तार | १ ऑक्टोबर, दुपारी ३.०१

+१. ॲल्युमिनियमवालीचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या वर असतो, माझे वरचे सगळे आकडे तिला लागू नाहीत.

---

मधली_आळी | ४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

सगळ्यांना धन्स. बेत असा ठरलाय, चुकत असेल तर आत्ताच बोला.

कठडा: २४ व्होल्ट, अडीच_स्क्वेअर यांच्या सांगण्याप्रमाणे तंतोतंत. किल्ला: १२ व्होल्टचा छोटा एसएमपीएस केबिनमध्ये, दीड स्क्वेअर, शेवटी आयपी६७. कंदिलात पट्टी गुंडाळायची होती, पण चार फुटी कंदिलाला ९ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो असं घरच्यांचं म्हणणं. खजिनदारांसाठी: १९२ अधिक २४ अधिक ९, म्हणजे २२५ वॅट. एसएमपीएस स्वतः खातात ते धरून २६०. रोज पाच तास, तुळशीच्या लग्नापर्यंत वीस दिवस, एकूण २६ युनिट. ते बघून खजिनदार म्हणाले, "एवढंच?" आणि मला वाटलं थोडं जास्त सांगायला हवं होतं.

जिन्याच्या खोलीतल्या पॉइंटला अर्थ नव्हती. तिसरं भोक नुसतं शोभेला. वायरमनने खालून ओढून दिली, आरसीसीबीही बसवला.

---

निवृत्त_वायरमन | ४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

बल्बचा होल्डर पावसात लटकणार आहे, त्याला वरून टोपी हवी. वायर होल्डरमध्ये शिरण्याआधी खाली एक झोका सोडा, पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, आत जाणार नाही. तोच झोका एसएमपीएसच्या प्रत्येक वायरीला. डबा भिंतीवर उभा लावा, जमिनीवर नाही. हवा लागू दे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. दर वर्षी कुणीतरी गुंडाळतंच.

पट्टीमागच्या चिकटपट्टीवर विसंबू नका. दर फुटाला क्लिप किंवा केबल टाय. आणि दाबून बसवायचे क्लिप-कनेक्टर उघड्यावर नकोत, कथिलाने डाग द्या, वरून स्लीव्ह चढवा.

---

मधली_आळी | बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११.०५

वृत्तांत. उशीर झाला, फराळाचं निमित्त.

कठडा पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत एकसारखा. रस्त्यापलीकडून बघितला, मग रिक्षातून जाताना बघितला. मल्टिमीटरने पहिल्या सांध्यावर २३.४, दुसऱ्यावर २३.३. किल्ल्यापाशी आधी ११.१ आले, स्क्रू फिरवून ११.९ केले. जिन्याच्या खोलीतल्या डब्याला झिणझिण्यावाल्या काकांनी मुद्दाम सगळ्यांसमोर हात लावला. दोनदा.

कठड्यावर एकच गडबड. मधला दिव्यांचा एक गट सुरुवातीपासून बंद. बसवताना मी पट्टी कोपऱ्यात काटकोनात मुडपली होती, आतलं तांबं बरोबर तिथे तुटलं असणार. पुढचे-मागचे चालू, तेवढाच दात पडलेला.

लक्ष्मीपूजनाला सात वाजता सर आली आणि आरसीसीबी उडाला. सगळे म्हणाले किल्ल्यावरची पट्टी भिजली. मी पण तेच म्हणाले.

---

तांब्याची_तार | बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११.४०

किल्ल्यावरची नसणार. १२ व्होल्टची बाजू एसएमपीएसमध्येच मेनपासून तुटलेली असते. तिकडे पाणी गेलं तर फ्यूज जाईल, आरसीसीबीला कळणारही नाही. २३० च्या बाजूला बघा. बल्ब?

---

मधली_आळी | बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.०२

बल्बही नाही, त्याला टोपी होती आणि झोकाही. पाऊण तास शोधलं. फाटकाजवळ कुणीतरी रांगोळीवर प्रकाश पाडायला घरातला एक्स्टेंशन बोर्ड आणून आमच्याच पॉइंटला लावला होता. बोर्ड तुळशी वृंदावनाच्या मागे, जमिनीवर, उताणा. भोकांत पाणी साचलेलं. काढल्यावर पाच मिनिटांत सगळं परत चालू.

बोर्ड कुणाचा ते कुणीच सांगत नाहीये. केबिनमध्ये ठेवलाय.

---

निवृत्त_वायरमन | बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.३०

गेल्या वर्षी त्या पॉइंटवर आरसीसीबी नव्हता. एवढंच लिहितो.

---

चिऊताई_चिंचवडची | बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी १.१८

सावल्या कशा पडल्या? मावळ्यांच्या?

---

मधली_आळी | बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी १.४५

ते लिहायचं राहिलंच. पट्टी तटामागे ठेवली, कंपाउंडच्या भिंतीवर बालेकिल्ल्याची सावली पुरुषभर उंच. पोरांनी दुसऱ्या दिवसापासून मावळे पुढे-मागे सरकवून सावल्या लहान-मोठ्या करायला सुरुवात केली. एक बैल डायनासोरएवढा झाला. मूळचा किल्ला राजगड होता, आता काय आहे ते ठरलेलं नाही.

एक शेवटचा प्रश्न. कठडा तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवणार आहोत. किल्ल्याची पट्टीही तोपर्यंत राहू दे का?

---

अडीच_स्क्वेअर | बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी २.०९

किल्ल्याची आधी काढा. अळीव पिवळा पडला की पोरं फिरकत नाहीत आणि उंदीर फिरकतात, त्यांना सिलिकॉन आवडतं. पुसून, सावलीत वाळवून, वितभर व्यासाचे सैल वेढे करून पत्र्याच्या डब्यात ठेवा. चकलीचा डबा रिकामा झाला असेलच.

---

सदाशिव_पेठी | बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी २.४०

उताणा बोर्ड माझ्या मेहुणीचा आहे. ती तुमच्याच सोसायटीत राहते. परत द्याल का, तिला विचारायचं धाडस होत नाहीये.